कपाळावरची नागीण

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. वय बत्तीस. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती रफू करते. चांगल्या कोटाला भोक पडलं, लोकरीच्या शालीला कसर लागली, की ते तिच्या टेबलावर येतं. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून ती दोरे ओढून काढते आणि भोकावर उभे-आडवे असे विणते, की ज्याचा कपडा त्यालाही मग जागा सापडत नाही. घरात मात्र तिच्या स्वतःच्या गाऊनची बाही दोन वर्षं उसवलेली आहे. त्यावरून बोललं तर म्हणते, "घरी सुई दिसली की मला झोप येते, ताई."

मी रोज वही लिहिते. आधी देवाचं नाव, मग दिवसभरात काय झालं ते. तिच्या आजारपणाची पानं समोर ठेवूनच हे लिहिते आहे, कारण कोणत्या वारी काय झालं याला इथे महत्त्व आहे.

दुकानात आधी रफूवाल्या दोघी होत्या. दुसरी चार महिन्यांपूर्वी सोडून गेली. मालक नवी बघतो, बघतो म्हणत राहिला आणि दोघींचं काम धाकटी एकटी करत राहिली. माझा दीर लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. त्यामुळे ती किती थकली आहे हे बघायला घरात मी आणि सासूबाई. आम्ही बघत होतो, पण थकलेलं माणूस रोजच समोर असलं की त्याचं थकणं दिसेनासं होतं.

शुक्रवारी ती घरी आली ती डाव्या बाजूचे केस दुखतात असं सांगत. मी हसले. केस कधी दुखतात का? तर म्हणाली, केस नाही, मुळं दुखतात, फणी लागली की कुणी मूठभर उपटतंय असं वाटतं. सासूबाईंनी निकाल दिला की दिवसभर दिव्याखाली मान घालून बसल्यावर दुसरं काय होणार.

रविवारी मीच तिच्या केसांना रंग लावून दिला. तिचे केस लवकर पिकायला लागले आहेत आणि त्यावरून मी तिला आजीबाई म्हणून चिडवत असते. सोमवारी सकाळी कपाळावर, केसांच्या कडेला, पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठला. रंग बाधला, असं आम्ही तिघींनी एकमुखाने ठरवून टाकलं. मला फार वाईट वाटलं. स्वस्तातला रंग मीच आणला होता. तिने गार पाण्याने कपाळ धुतलं, केस पुढे ओढून घेतले आणि कामावर गेली. एका गिऱ्हाइकाचा राखाडी कोट कोपरावर उंदराने कुरतडला होता, तो आठवड्यात द्यायचा होता.

मंगळवारी संध्याकाळी ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. फोड आता भुवईपर्यंत उतरले होते, डावी पापणी सुजली होती. मला हाक मारून तिने बोटाने कपाळाच्या मधून एक रेघ दाखवली.

"ताई, रंग तर आपण दोन्हीकडे लावला होता. हे बघा, मधोमध थांबलंय. इकडे एक नाही. शिवण घातल्यासारखं."

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच, कपाळाची उजवी बाजू स्वच्छ होती. माझ्या मनात तो शब्द तेव्हाच आला. मी सासूबाईंना हळूच विचारलं, नागीण तर नसेल ना?

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि काढून ठेवला. नागीण कमरेला असते, त्या म्हणाल्या. एका बाजूने निघते आणि विळखा घालत जाते, तोंड आणि शेपूट एकमेकांना लागलं की माणूस जातो. त्यांच्या मावशीला झाली होती, तीही सत्तरीत. कपाळावर कसला विळखा बसणार, आणि या वयात? त्यांचा आवाज इतका ठाम होता, की मीही मान डोलावली. नागीण म्हटल्यावर आम्हाला साप दिसत होता आणि सापाला वेढायला कंबरच लागते. त्या एका शब्दापायी मंगळवार गेला.

बुधवारी सकाळी धाकटीच्या नाकाच्या शेंड्यावर एक फोड होता. म्हणाली, कोट पुरा करून देऊन येते, संध्याकाळी जाऊ डॉक्टरकडे. मी तिची पिशवी काढून घेतली. लग्न होऊन ती घरात आली त्याला नऊ वर्षं झाली, मी तिच्यावर मोठेपणा गाजवला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळ नंतर पाहिलं, आधी नाक. मग म्हणाल्या, नागीणच आहे. ती कमरेलाच होते असं काही नाही, शरीरातल्या कुठल्याही नसेवरून उठते. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना? तेच विषाणू नसेच्या मुळाशी गप्प पडून असतात. शरीर दमलं की उठतात, मग ते बत्तिसाव्या वर्षी का असेना. विळखा-बिळखा काही नसतो, ती एका बाजूलाच राहते. घरात तान्हं मूल किंवा कांजिण्या न झालेली गरोदर बाई आहे का, हेही विचारलं. नाही म्हटल्यावर पुढचं सांगितलं, आणि ते सांगताना त्यांनी लिहिणं थांबवलं. नाकाच्या शेंड्यावर येणारी आणि डोळ्यात जाणारी नस एकच. डोळ्याच्या डॉक्टरकडे आत्ताच जा, उद्या नाही. गोळ्या पहिला फोड आल्यापासून तीन दिवसांत सुरू झालेल्या बऱ्या.

मी बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार.

डोळ्याच्या डॉक्टरने डाव्या डोळ्यात रंगीत थेंब टाकून यंत्रातून पाहिलं. बुबुळावरच्या काचेला सूज आली होती. ती उतरताना डाग राहू शकतो, तो कुठे राहील त्यावर सगळं आहे, असं तो म्हणाला. मधोमध राहिला तर नजर धूसर, कडेला राहिला तर फारसं काही नाही. दर आठवड्याला यायचं. धाकटीने त्याला विचारलं, कधी कळेल? पाच-सहा आठवड्यांत, तो म्हणाला.

तेव्हापासून आमच्या घरात एकच गोष्ट होती, डाग कुठे राहणार.

गोळ्या दिवसातून पाच वेळा. थेंब दर दोन तासांनी. खोलीचे पडदे ओढलेले, पंखा बंद, कारण वारा लागला तरी कपाळ पेटायचं. उशीचा अभ्रा टोचायचा म्हणून माझी जुनी धुऊन मऊ झालेली साडी घडी करून दिली. बारा दिवस तिच्या केसांना फणी लागली नाही. ती दुखणं मला कामाच्या भाषेत सांगायची: आता तापलेली सुई जातेय, आता कुणी आतून दोरा ओढतंय. मग तेही सांगेनाशी झाली. विचारलं की नुसता हात हलवायची, म्हणजे आहे तेच.

भेटायला येणारं प्रत्येक माणूस आधी एकच म्हणायचं, इतक्या तरुण वयात? जणू वयाचा दाखला न बघताच दुखणं आत शिरलं होतं. दीर फोनवर घाबरून दिवसातून चार वेळा तेच तेच विचारायचा. शेवटी ती त्याला म्हणाली, तू गाडी नीट चालव, एका घरात एकच डोळा बिघडलेला पुरे.

सासूबाई मात्र वरमल्या होत्या. त्या रोज तिच्या कपाळाकडे बघायच्या, अजून कुठे तोंड आणि शेपूट मिळतंय का ते. डॉक्टरीणबाईंचं सांगणं कानांपर्यंत पोचलं होतं, त्याच्या पुढे गेलं नव्हतं. एकदा धाकटीने डोळे मिटूनच सांगितलं, "आई, शेपूट केसांत आहे. फणी लागली की हलते." सासूबाई हसल्या आणि पदराने डोळे पुसायला आत गेल्या.

मी सकाळ-संध्याकाळ देवाजवळ बसत होते. तिच्यासाठी मागते आहे हे तिला ठाऊक होतं. एकदा थेंब टाकताना म्हणाली, "देवाला डावा डोळा म्हणून नीट सांगा हं. नाहीतर तो उजव्याचंच बघत बसेल." मी रागावले नाही. तिचं म्हणणं मी त्या संध्याकाळी जसंच्या तसं सांगितलं, डावा म्हणून.

खपल्या धरल्या आणि पडल्या, तरी दुखणं तसंच राहिलं. चौथ्या आठवड्यात मालकाने दुकानातल्या माणसाबरोबर तो राखाडी कोट घरी पाठवला. गिऱ्हाईक थांबायला तयार आहे, बसल्या बसल्या जमलं तर बघा, असा निरोप. मला संताप आला, पण तिने कोट घेतला. खिडकीचा पडदा एका बाजूने उघडून मांडीवर पसरला, सुईत दोरा ओवायला घेतला. डाव्या डोळ्याला उजेड सोसत नव्हता, तो मिटूनच होता. उजव्याने तिला नेढं स्वच्छ दिसत होतं, तरी दोरा नेढ्याच्या अलीकडेच हवेत जात होता. नंतर मागून जाऊ लागला. एका डोळ्याला जवळ-लांब कळत नाही, हे मला तेव्हा समजलं. मी ओवून दिला. मग टाके चुकायला लागले. सुई कापडात जायच्या जागी बोटात गेली. अर्ध्या तासात तिने चार दोरे घातले आणि चारही उसवले.

ती म्हणाली, "ताई, मला दुसरं काही येत नाही."

रडली वगैरे नाही. तेवढं बोलून कोटाची घडी घातली, बाह्या आत दुमडून, दुकानात घालतात तशी. मी तो त्याच दिवशी जाऊन परत देऊन आले. काउंटरवर मालक काही बोलायला लागला, तर मी म्हटलं, ती बरी झाली तर येईल, न झाली तर तुम्हाला कळवू. तो बरा माणूस असावा, कारण त्याने पुढे काही न विचारता कोट आत नेऊन ठेवला.

सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने यंत्रातून पाहिलं, लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या ओळीतलं एक अक्षर चुकलं. मग त्याने कागदावर एक गोल काढला आणि गोलाच्या कडेला पेनाने बारीक ठिपका दिला. डाग इथे राहिलाय, मधे नाही. नजरेला धोका नाही. थेंब हळूहळू कमी करायचे, मधेच सोडायचे नाहीत, डोळा लाल झाला तर त्याच दिवशी यायचं. कपाळाचं दुखणं आणखी काही महिने राहील कदाचित, या वयात बहुतेकांचं जातं, पण तारीख सांगता येणार नाही. आणि सुईचं काम? महिन्याभराने, थोडं थोडं.

मला वाटलं होतं, हे ऐकून ती माझ्या गळ्यात पडेल. ती मात्र कागदावरच्या ठिपक्याकडे बघत राहिली, मग तो कागद मागून घेतला आणि उठली.

बाहेर बसथांब्याच्या बाकावर ती बसली. आमची बस आली तेव्हा मी उठले. तिने माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि म्हणाली, आत्ता चढायची ताकद नाही, थोडं नुसतं बसू. सहा आठवडे डोळा जाणार या भीतीने तिला उभं धरून ठेवलं होतं, ती भीती गेली आणि आधारही गेला असावा. बस गेली. मग तिने काळा चष्मा सारखा करून मालकाला फोन लावला. पलीकडून तो मोठ्याने बोलत होता, डोळा वाचला म्हणून आनंद झाला असावा, कामाचंही बोलत असावा. तिने त्याला पूर्ण बोलू दिलं.

"येईन," ती म्हणाली. "महिन्याने. पण एका माणसाचंच काम करीन. दुसरी आधी शोधा, मग मला बोलवा."

पलीकडचं ऐकून घेऊन तिने फोन पिशवीत टाकला. दुसरी बस आली तीही आम्ही जाऊ दिली. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, उजव्या बाजूने, डाव्या बाजूला वारा लागू नये म्हणून मी पदर आडवा धरून बसले.