दोन सुटे गज

थोरली आजी आज सकाळी गेली. झोपेत. भाजून नाही.

"भाजून नाही" हे मुद्दाम लिहिलं आहे.

ती बाबांची मोठी काकी. देवबागच्या घरात लग्न होऊन आली, तेव्हा वीसही पूर्ण नव्हती. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिच्या माहेरचं घर भर दुपारी पेटलं होतं. छप्पर झावळ्यांचं, दार एकच, आणि आग दाराच्याच बाजूला.

धाकटी बहीण आत होती. बाहेरून चार माणसं खिडकीचे गज ओढत होती.

गज फणसाच्या लाकडाचे होते. सुताराने काम चांगलं केलं होतं. ते हलले नाहीत.

सासरीही तसेच गज. दार एकच. नवरा आगबोटीच्या इंजिनरूममध्ये कामाला, वर्षातून एकदा घरी.

बासष्ट-त्रेसष्ट सालच्या सुमारास सुतार दुरुस्तीला आला. तिने कुणालाही न विचारता त्याला एका बुटक्या खिडकीचे दोन गज वेगळे बसवायला सांगितले.

"वयनीनू, गज निघाचो नाय म्हणान बसयतत."

"माजो निघाक होयो."

वरचं भोक चार बोटं खोल, खालचं एकच बोट. गज वर ढकलायचा, खालचं टोक आत ओढायचं. निघाला.

मी फायर सेफ्टी इंजिनिअर आहे. या डिझाइनमध्ये बदलण्यासारखं मला अजून काही सापडलेलं नाही.

महिन्याभरात झाडलोट करताना एक गज सासूच्या हातात आला.

"घोव बोटीर, आनि खिडकेचे गज सुटे. कोणाक आत घेतंस गो?"

हे वाडीभर झालं. ती विहिरीवर गेली की बायका तिची घागर भरेपर्यंत गप्प बसायच्या. "खिडकीवाली" हे नाव तेव्हाच पडलं.

चतुर्थीला नवरा आला. घरच्यांनी त्याच्या हातात हातोडी दिली. खिळे मार, नाहीतर हिला माहेरी पोचव.

माहेरच्या घराचं काय झालं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

ती खिडकीसमोर उभी राहिली. बाबा तेव्हा सहा वर्षांचे, तिथेच मोदक खात बसले होते. पुढचं त्यांनी ऐकलेलं.

"तुमच्या बोटीत इंजिनाकडसून वर येवक शिडयो किती?"

"दोन."

"दुसरी कित्याक? कोणाक आत घेवक?"

थोरल्या आजोबांनी हातोडी खाली ठेवली. तिची बाजू घेतली नाही, हेही नोंदवते. फक्त खिळे मारले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या पोरांचं ड्रिल सुरू झालं. उघडपणे, सासूच्या देखत. डोळ्यांवर पंचा बांधून, सरपटत खिडकीपर्यंत.

"धूर वर जाता. तुमी खालसून जावा."

सातापर्यंत मोजेस्तोवर बाबा बाहेर.

सासू म्हणायची, "पोरांची माकडां करून ठेवल्यान."

ती म्हणायची, "जिती माकडां."

त्या घराला आग कधीच लागली नाही. हे तिला साठ वर्षं ऐकवलं गेलं. लग्नात, बारशात, कुणीतरी हसत विचारायचंच, "लागली काय गो तुजी आग?"

"नाय," म्हणायची, आणि हातातलं काम पुढे चालू.

माझ्या कामात याला वेडेपणा म्हणत नाहीत.

आज दुपारी अंगणात शेजारचे एक आजोबा बाजूच्या माणसाला हळूच म्हणाले, "खिडकीवाली गेली."

मी त्यांना विचारलं, "तुमच्या गॅलरीच्या ग्रिलक कुलूप आसा. चावी खंय आसता?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने बायकोकडे. तिने नकारार्थी मान हलवली.

घरी जा आणि शोधा, एवढंच म्हटलं.

ती खिडकीवालीच होती. हे नाव यापुढे कुजबुजत घेऊ नका. मोठ्याने घ्या.

थोरली आजी, ताठ मानेने नमस्कार.