फाटकातला चंद्र

निवृत्तीनंतर मी हौसेने छोटी दुर्बीण घेतली. संध्याकाळी गच्चीवर तिपाईला लावून चंद्र बघत बसायचे. एक दिवस सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीला कुलूपच घातलं.

"काकू, लोक म्हणतात तुम्ही त्यांच्या खिडक्यांत डोकावता. या वयात शोभतं का?"

बाई आकाशाकडे बघत असली, तरी लोकांना ती कुणाच्या तरी घरातच बघतेय असं का वाटतं? 

दुसऱ्या संध्याकाळी मी दुर्बीण सरळ फाटकात मांडली. "ज्यांना शंका आहे त्यांनी या, स्वतः बघा!" मी मोठ्याने म्हटलं. हळूहळू रांग लागली. तक्रार करणाऱ्या शेजारीणबाई चंद्रावरचे खड्डे बघून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. 

सेक्रेटरी जवळ आले. "उद्यापासून गच्ची उघडतो, काकू."

"उघडा. मी मात्र इथेच बसणार," मी म्हणाले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा करून दिली.