आत्यांनी तेल लावलेलं सिलिंडर

आमच्या हापाई बेटावर रविवारी चर्चच्या पायरीवर पाय ठेवला की आधी खोबरेलाचा वास येतो, भजन मागाहून ऐकू येतं. केस, दंड, पोटऱ्या, सगळ्यांचं सगळं चकाकत असतं. त्यात भुरक्या, कोरड्या केसांचा एकच माणूस, आमचे केलेपी. "काय गं, नवऱ्याला तेलसुद्धा देत नाहीस?" हा टोमणा मी लग्नापासून ऐकते आहे.

केलेपी इथल्या इस्पितळात ऑक्सिजनची सिलिंडरं भरतात. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा नुसता हात लागला, तरी काडी न ओढता भडका उडतो. म्हणून तेलाशी त्यांचं वैर.

परवा शनिवारी लोसालिने नावाच्या आमच्या आत्यांचा तान्हा नातू मोसेसे वॉर्डात होता. छातीत कफ भरलेला, ओठ निळसर. आत्या म्हणजे केलेपींच्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे बापाच्या बहिणीचा शब्द राजाच्याही वर. तिला नाही म्हटलं तर घराला शाप लागतो, असं आम्ही लहानपणापासून मानतो. आत्या लग्नाच्या मांडवातून उठून तशाच आल्या होत्या, कोपरापर्यंत तेल ओघळत होतं.

बाळाच्या सिलिंडराचा काटा खाली चालला होता. बाकीची सिलिंडरं तपासणीसाठी जहाजानं गेलेली. ओसरीत साखळीनं बांधलेली एक मोठं आणि एक छोटं, दोन्ही रिकामी, एवढीच उरलेली. केलेपी आत भरायचं यंत्र चालू करत होते, मी बाळाजवळ प्रार्थना करत होते. खाऱ्या वाऱ्यानं मोठ्याची चावी घट्ट झाली होती. आत्यांनी ती फिरवून पाहिली, फिरेना, तेव्हा देवाचं नाव घेऊन तिच्यावर अन् सिलिंडरच्या तोंडावर चांगलं तेल चोळलं.

केलेपी बाहेर आले, वास घेतला आणि थबकले. मीही दारात आले.

"आत्या, याला कुणी हात लावला?"

"मी. चावी मोकळी केली. भर आता."

"हे भरता येणार नाही."

"पुसून घे की!"

"पुसून जात नाही, आत्या. आट्यांत उतरलंय. भरताना पेटेल."

"माझा हात लागला म्हणून बाटली बाटली होय रे? आत पोर तडफडतंय! भर म्हणते ना!"

आतून सिसिलिया परिचारिका ओरडली, "केलेपीकाका, काटा लाल पट्ट्यात आलाय!"

केलेपी आत्यांच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसले, मान खाली.

"मला शाप द्या," ते म्हणाले, "पण हे मी भरणार नाही. छोटं भरतो."

केलेपी उठले. मोठ्यावर खडूनं फुली मारून ते दूर ओढलं, हात धुतले, छोटं नीट न्याहाळलं, साखळीनं बांधून नळी जोडली. मग बाजूला उभं राहून चावी सोडली, अगदी केसभर.

"उघड की पुरी!" आत्या किंचाळल्या.

"भसकन सोडलं तर तापतं, आत्या."

हाताची मागची बाजू सिलिंडरला लावून ते उभे होते. जरा ऊब लागली की चावी आवळायची, थांबायचं. ते थांबणं जीवघेणं होतं. मी स्तोत्र पुटपुटत होते आणि ओळी विसरत होते.

"काका, संपत आलं!"

"अर्धं झालंय. एवढ्यावर निभेल." त्यांनी यंत्र बंद केलं, नळीतला दाब सोडला, मगच जोड काढला. सिलिंडर गाडीवर बांधून आम्ही दोघांनी ढकललं. सिसिलियानं जोड बदलला. बाळाच्या फासळ्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या. बराच वेळ काहीच फरक दिसेना. मग ओठांची निळाई हळूहळू उतरली आणि मोसेसे चिडून रडला.

आत्या सवयीनं पुढे झाल्या, बाळाच्या कपाळावर तेलाचं बोट टेकवायला. ऑक्सिजनची नळी नाकाशीच होती. बोट अध्धर राहिलं. केलेपींकडे न बघता त्या सिसिलियाला म्हणाल्या, "पोरी, साबण कुठं ठेवता गं तुम्ही?"