ओंडक्यावरची दुसरी जागा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळेत सायन्स शिकवते मी. भीती वाटायची ती जित्या बायकांची... नवरा देखणा आहे माझा!

आम्ही वाशिंदला राहतो. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडच्या पायथ्याशी सासरचं शेत आहे. रानडुकरं वाल उकरतात म्हणून ह्यांनी थर्मल दुर्बीण घेतली आणि दर शनिवारी राखणीला एकटेच जायला लागले. रविवारी परत यायचे ते इतके खुशीत, की माझ्या पोटात दुखायला लागलं. शेवटी एका शनिवारी मीही हट्टाने गेले.

अंधार पडल्यावर हे बांधावरच्या सागाच्या ओंडक्यावर जाऊन बसले. दुर्बीण माझ्याकडेच राहिली होती. साध्या नाइट व्हिजनला चांदण्याचा तरी थोडा उजेड लागतो, तो ती वाढवून दाखवते. हिला उजेड लागतच नाही. अंगातून बाहेर पडणारी उष्णता टिपते ही — गरम ते पांढरं, थंड ते काळं.

शेतातल्या राखणीच्या खोपीच्या दारातून मी पाहिलं... ओंडक्यावर दोघं होती. हे, आणि त्यांना चिकटून एक बारीकशी बाई. डोकं ह्यांच्या खांद्यावर.

दुर्बीण खाली करून टॉर्च मारला. हे एकटेच!

मी तरातरा गेले. "कोण होती ती?"

"कोण गो? इथं कोणच नाय."

"उठा आधी!"

ते उठले. मी पुन्हा दुर्बीण लावली. माणूस उठला तरी त्याची ऊब लाकडावर थोडा वेळ राहते. ह्यांच्या जागी पांढुरका डाग होता... आणि शेजारी तसाच दुसरा, लहान. दोन्ही हळूहळू विझत गेले. पूर्ण विझायच्या आत दुर्बीण ह्यांच्या हातात दिली, ह्यांनीही ते डाग पाहिले. भीतीने ओरडतील असं वाटलं होतं, पण हे नुसतेच हसले.

"हितं बसलं का बरं वाटतं मला," एवढंच म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी मला भीती नाही वाटली, राग आला. माझ्याशेजारी बसून असं कधी म्हणाले होते हे?

दुर्बीण दुकानात दाखवून आणली. काही दोष नाही म्हणाले. सासूबाईंना विचारलं, तिथे कुणी बाई वारल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही. ह्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

आता दर शनिवारी मीही जाते आणि ह्यांना चिकटून बसते. दुर्बीण मात्र डोळ्याला लावत नाही.

गेल्या खेपेला हे हळूच म्हणाले, "जरा तिकडं सरकतीस का?"

आमच्या दोघांच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली, तेव्हा कुठे हे नीट बसले.