नावं माझ्याच हातून गेली

भीमपूरकडच्या गावांतल्या आमच्या समाजातल्या म्हाताऱ्या बायांचे फोटो आम्ही दोघांनी जमवले. मी निवृत्त शिक्षक, माझा मित्र तहसीलचा निवृत्त कारकून. फोटो मी काढायचो. नावं तो विचारायचा: ही कोणाची आई, माहेर कुठलं, कोणाच्या शेतात कापूस वेचला. घरी येऊन माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर एकेका फोटोखाली एका बोटानं टाइप करायचा. तीन वर्षं.

मग मला लिनक्सच्या नव्या आवृत्तीची हौस आली. अपग्रेडनंतर फोटोंचा प्रोग्राम म्हणाला, जुना डेटाबेस, म्हणजे त्याची नोंदींची फाइल, नव्या रूपात बदलून घ्यावी लागेल. मी हो म्हटलं. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर थांबली. तासभर वाट पाहून मी मशीन बंद करून परत चालू केलं. नवा डेटाबेस करायचा का, असं विचारलं, तेही दाबलं. सगळे फोटो दिसले. मी खूश झालो आणि जागा व्हावी म्हणून जुना डेटाबेस पुसून टाकला. फोटो उघडतात एवढंच पाहिलं. नावं त्या पुसलेल्या डेटाबेसमध्येच होती.

दुसऱ्या दिवशी मित्र आला.

"सर, नावं काऊन दिसून नाही राह्यले?"

त्याच क्षणी मला कळलं, नावं मीच पुसली. तरी म्हणालो, "तुमी सेव्हच केलं नसन, बाबू."

तो पडद्याकडे पाहत म्हणाला, "असन बॉ. मले कुठं समजते त्यातलं."

वही घेऊन तो पुन्हा गावोगाव निघाला. तोवर बऱ्याच बाया गेल्या होत्या. पारावरची माणसं हसायची, "बाबू, तीन वर्षं नुसता चहाच पेले काय?" मी शेजारी उभा असायचो.

मागच्या वर्षी तो वारला. त्याची मुलगी बोथ गावात शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात तिच्या घरी जाऊन मी हे सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडली नाही.

"काका, बाबांनी मरेपर्यंत कॉम्प्युटरला हात नाही लावला. माझ्या मोबाइललासुद्धा. म्हणत, माझ्या हातून पुसलं जाते."

मग आतून छापलेला एक फोटो आणला. विळा कमरेला खोचलेली, डोळे बारीक केलेली एक म्हातारी.

"ही कोण, सांगता येईल?"

फोटो मीच काढला होता. मला सांगता आलं नाही.