डोकं चिकटवलेला बोल्ट

वडील गेल्यावर त्यांची जुनी मोटार तीन वर्षं दारातल्या पत्र्याखाली उभी होती. ती चालू करायची ठरवली, तेव्हा कुणाकडे न्यायची हा प्रश्न खरं तर नव्हताच. शाहूपुरीतल्या एकाच मिस्त्रींकडे न्यायला हवी होती, आणि नेमकं तिथंच जायचं मी वीसेक वर्षं टाळत आलो होतो. कारण आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आता लिहितो.

हे मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून गॅरेज चालवायचे. वडिलांचा त्यांच्यावर इतका भरवसा, की गाडीची किल्ली द्यायची आणि काय बिघडलंय हेही सांगायचं नाही. दर खंडेनवमीला आमची गाडी त्यांच्या दारात उभी असायची. पान्या-हातोड्यांची पूजा झाली, की मिस्त्री हळदकुंकवाची बोटं आधी आमच्या बॉनेटवर ओढायचे आणि नारळ वडिलांच्या हातात द्यायचे. गॅरेज त्यांचं, नारळ फोडायचा मान आमचा.

इंजिनाच्या माथ्यावर पाण्याची एक वाकडी नळी असते, दोन बोल्टांवर बसवलेली. एकदा ती नवी बसवून गाडी घरी आली. मी तेव्हा पंचविशीतला, शिकून घरी बसलेला. संध्याकाळी मला एका बोल्टखाली पाण्याचा थेंब दिसला. तो गळतीचा नव्हता, काम करताना सांडलेलं पाणी असणार, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, आपण नीट करू. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि जोर लावला. कट्कन आवाज झाला. बोल्टचं डोकं खाली पडलं, बाकीचा तुकडा इंजिनात राहिला.

‘ह्याचा हात लागला की वस्तू गेलीच,’ हे वडिलांचं माझ्याबद्दलचं ठरलेलं वाक्य होतं. ते त्या दिवशी मला ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण. नळाच्या गळक्या पाइपाला लावतात तो, वाळून कडक होणारा मसाला घरात होता. तो मळला आणि बोल्टचं डोकं जागच्या जागी चिकटवून टाकलं. वरून बघणाऱ्याला बोल्ट शाबूत.

दुसऱ्या दिवशी वडील मला घेऊन निघाले. कागलच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली. वडिलांनी नळीला हात लावला, तर बोल्टचं डोकं बोटांत आलं, बुडाला वाळलेल्या मसाल्यासकट. गाडी दोराला बांधून आणली ती थेट गॅरेजच्या दारात.

“इतकी वर्षं डोळे झाकून गाडी दिली तुला. आणि तू डोकं चिकटवून देतोस?”

“आईशप्पत मालक, आमी असलं काम करत न्हाय.”

“मग कुणी केलं? माझ्या पोरानं?”

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. वडील वळले, आणि पुन्हा त्या दारात गेले नाहीत. नव्या मेकॅनिकनं तुटका तुकडा काढायचा कंटाळा केला आणि त्यावर पुन्हा मसालाच लिंपला. गाडी तशीच चालली. वडील तसेच गेले.

यंदा गाडी त्याच दारात नेली. मिस्त्री म्हातारे झालेत, गॅरेजात एकटेच होते. पूर्वी मला ‘धाकलं मालक’ म्हणायचे.

“या पावणं,” म्हणाले. “वाट चुकला काय?”

“काका, तुकडा काढायचाय. तोच.”

त्यांनी चष्मा लावला, बॉनेट उघडलं आणि पटाशीनं मसाला खरवडायला घेतला. मग हलकेच म्हणाले, “हे माझ्या भावाचं काम. मी नळी बशिवली, बोल्ट त्यानं आवळलं. शपता घेत होता, मी न्हाय केलं म्हणून. मी म्हटलं, खोटारड्या, चल चालता हो. जयसिंगपूरला गॅरेज घातलंय आता त्यानं. लग्नाकार्यात भेटतो, तेवढंच.”

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं माझ्या हिशेबी नुकसान दोघांचंच होतं, वडिलांचं आणि मिस्त्रींचं.

त्यांनी गॅसच्या ज्योतीनं तुकडा तापवला आणि मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरलं. मग तुकड्यावर एक नट ठेवून वेल्डिंगनं जोडला, आणि त्यावर पाना लावला.

“काका, तो बोल्ट मी तोडला होता. डोकंही मीच चिकटवलं.”

पाना थांबला नाही.

“आत्ता बोलू नको. गार व्हायच्या आत फिरवायला पायजे.”

थोडा आवळायचा, थोडा सोडायचा. पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडायचा. तुकडा कुरकुरला, आणि मग एकदम मऊपणे फिरत बाहेर आला. मिस्त्रींनी तो फडक्यात धरून उजेडात नेला आणि तुटल्या तोंडाचा पीळ बघितला.

“पाइप घाटलातास व्हय पान्याला?”

“हो.”

“तुझ्या बाला म्हाईत हुतं?”

“नाही. शेवटपर्यंत नाही.”

त्यांनी एक शिवी दिली. मला की स्वतःला, समजलं नाही. मग आटे साफ करून नवा बोल्ट हातानंच लावला, शेवटचा पाव फेरा तेवढा पान्यानं. इंजिन चालू केलं. तापमानाच्या काट्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता जा म्हणतील.

“ट्रायल मारायला लागंल,” ते म्हणाले आणि गॅरेजचं शटर ओढलं. “जयसिंगपूरपतोर. तू चालव.”

तुकडा वाटभर फडक्यात बांधून त्यांच्या मांडीवर होता. भावाच्या गॅरेजसमोर थांबल्यावर तो माझ्या हातात दिला.

“हो फुडं.”

भाऊ हात पुसत बाहेर आला. आधी गाडी ओळखली, मग माझ्यामागचा माणूस. मी तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि जे केलं होतं ते सांगितलं. चार वाक्यांत झालं. त्यानं तुकडा उलटासुलटा करून बघितला.

“एवढं बोलायला एवढी वर्षं लागली व्हय रं तुला?”

तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

“दादा, च्या घेणार?”

मिस्त्री पुढे आले. “घेतो की.”

दोघं आत गेले. मला कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी बॉनेट उघडलं आणि नळीखाली वाकून बघितलं. कोरडं होतं.