कोपराचा आळ

न्हाव्याच्या बायकोला घरात 'कोपरवाली' म्हणत. थट्टेने नव्हे, चांगलं दातओठ खाऊन. ही रात्री नवऱ्याला कोपराने ढोसते, त्याची झोप मोडते, म्हणून बिचारा दिवसा दुकानात पेंगतो, असं सासूबाईंचं ठाम मत. नणंदेने त्याला मम म्हटलेलं.

ती ढोसायची हे खरंच होतं. नवरा घोरता घोरता मध्येच गप्प व्हायचा. छाती हलायची, पण श्वासाचा पत्ता नाही. अशा वेळी कोणती बाई कूस बदलून झोपेल? ती ढोसायची, तो हिसका देऊन श्वास घ्यायचा आणि सकाळी विचारलं की म्हणायचा, "मी तर मस्त झोपलो होतो." इतकं निर्लज्जपणे मस्त झोपावं माणसाने!

मग एकदा वस्तरा हातात असतानाच त्याला डुलकी लागली आणि गिऱ्हाइकाच्या कानामागे रक्त आलं. गिऱ्हाइकं तुटू लागली. सासूबाईंनी काय करावं? सुनेचं अंथरूण मागच्या खोलीत टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! त्याचं पेंगणं काही थांबलं नाही, पण त्याचा विचार करतो कोण? "इतक्या वर्षांची झोप भरून यायला वेळ लागणारच," म्हणे. आणि ती भिंतीला कान लावून त्याचा श्वास ऐकत बसायची.

शेवटी तिनेच हट्ट धरून त्याला दवाखान्यात नेलं. तिथे डोक्याला तारा लावून त्याला रात्रभर निजवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईही सोबत गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास अडतो. मग मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास सुरू करून देतो. रात्रभर हेच चालतं. सकाळी यांना त्यातलं काही आठवत नाही. आता रात्री श्वास चालू ठेवणारं मशीन लावून झोपावं लागेल."

"पण हिचं ते कोपर..."

"आजी, काल रात्री यांच्याजवळ कोणीच नव्हतं."

माफीचं नावच नको. घरचा उंबरठा ओलांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचंस?" आणि लगेच, "ते श्वासाचं मशीन परवा येणार ना? तोवर तू त्याच्याजवळच झोप. लक्ष ठेव."

सुनेने सासूबाईंचंच अंथरूण उचलून नवऱ्याच्या शेजारी घातलं.

"श्वास थांबला की ढोसायचं. अवघड नाही. लग्न झाल्यापासून मी धड झोपलेले नाही, सासूबाई. आता झोपते."

मागच्या खोलीत जाऊन तिने आतून कडी घातली.